क्वीनच्या 'ग्रेटेस्ट हिट्स'ची एलपी: बाजू संपताना आवाज फाटतो, आणि कॉम्प्युटरवर उतरवायची कशी?

धरमपेठ_३३
नमस्कार मंडळी. क्वीन या इंग्लिश रॉक बँडच्या 'ग्रेटेस्ट हिट्स'ची १९८१ची इंग्लंडची एलपी कॉम्प्युटरवर उतरवायची आहे. ईएमआयचं लेबल, नंबर ईएमटीव्ही ३०. टर्नटेबल बेल्टवालं आहे, टोनआर्मला मागे फिरवायचं वजन आहे, कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) एटी३६००एल, सुईवर ३.५ ग्रॅम.
पहिल्या बाजूला 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' स्वच्छ वाजते, पण 'सेव्ह मी' येईस्तोवर 'स' आणि 'श' खरखरायला लागतात. दुसऱ्या बाजूला 'वी आर द चॅम्पियन्स'च्या धृपदात तर आवाज सरळ फाटून राहिला. तबकडीवर ओरखडा नाही. शिवाय आवाज एकूणच दबका आहे. व्हॉल्यूमला हात न लावता ईगल्सची 'देअर ग्रेटेस्ट हिट्स' लावली की ती खणखणीत वाजते. तबकडी झिजली असं समजायचं का? नवी घ्यावी की सुई बदलावी?

खाच_आणि_सुई
भाऊ, झिजली म्हणायची घाई नका करू. आधी या तबकडीवर किती माल भरला आहे ते पाहा. १७ गाणी, एकूण सुमारे ५८ मिनिटं, म्हणजे एका बाजूला २९ मिनिटं. ईगल्सच्या त्या संग्रहात १० गाणी, एकूण ४३ मिनिटांच्या आसपास.
१२ इंची एलपीवर खाच साधारण १४६ मिमी त्रिज्येपासून आत ६० ते ६२ मिमीपर्यंत जाते. हाताशी ८४ मिमी जागा. २९ मिनिटांत तबकडी ९६७ वेळा फिरते, म्हणजे एका फेऱ्याला सरासरी ०.०८७ मिमी जागा मिळाली. साडेएकवीस मिनिटांच्या बाजूला तीच जागा ०.११७ मिमी होते. आवाज मोठा कोरायचा तर खाच डावीउजवीकडे जास्त हलते, तिला रुंद जागा लागते. जागा नाही म्हणून आवाज कमी पातळीवर कोरतात. तुमचा दबकेपणा तिथून आला. त्यात खराबी काहीच नाही, व्हॉल्यूम वाढवायचा. फक्त खरखर आणि तडतड पण त्याच मापानं वाढते, म्हणून ही एलपी धुऊनच वाजवावी.
आता फाटण्याचं. तबकडी एकाच वेगानं फिरते, पण सुईखालून जाणारी खाच बाहेरच्या कडेला सेकंदाला ५१ सेंमी सरकते आणि आत लेबलजवळ २१-२२ सेंमीच. १० हजार हर्ट्झच्या स्वराची एक लहर बाहेर ५१ मायक्रॉन लांब असते, आत २१-२२ मायक्रॉन. एटी३६००एलची सुई गोल टोकाची, त्रिज्या सुमारे १५ मायक्रॉन. एवढा गोळा त्या बारीक वळणात बसतच नाही, वरच्यावर घासत जातो. पहिला बळी 'स' आणि 'श'चा जातो, कारण त्यांत उंच स्वर सगळ्यात जास्त. म्हणून ओरखडा नसतानाही खरखर.

सदर_स्टिरिओ
खाच भाऊंनी कारण सांगितलं, त्यात गाण्यांच्या क्रमाचं एक जोडतो. संग्रह तयार होतो तेव्हा गाणी मूळ जागेवरून हलतात आणि आवाजाच्या दृष्टीनं काहींचं नशीब फळफळतं, काहींचं फुटतं.
'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' मूळ 'अ नाइट ॲट द ऑपेरा'वर (१९७५) दुसऱ्या बाजूच्या टोकाला आहे, तिच्यानंतर फक्त राष्ट्रगीत. म्हणजे अनेक थरांचं गायन आणि शेवटचा गिटारचा दणका, दोन्ही आतल्या अरुंद खाचेत. इथे ती पहिल्या बाजूचं पहिलं गाणं आहे, सगळ्यात वेगवान खाचेवर. 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' 'द गेम'वर पहिली बाजू संपवतं, इथे दुसरी बाजू सुरू करतं. तेही फायद्यात.
उलटं झालं ते 'वी विल रॉक यू' आणि 'वी आर द चॅम्पियन्स'चं. 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'वर (१९७७) ही दोन्ही पहिल्या बाजूच्या सुरुवातीला आहेत, आणि ती बाजू २० मिनिटांच्या आत संपते. भरपूर जागा, मोठी पातळी, बाहेरची कड. इथे तीच दोन गाणी २९ मिनिटांच्या बाजूच्या अगदी शेवटी. गाण्यांच्या ओघात ते शोभतं, मैफलीचा शेवट असाच हवा, पण खाचेला ते झेपत नाही. तेव्हा 'चॅम्पियन्स' चांगलं ऐकायचं तर 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'ची एलपी, आणि 'ऱ्हॅप्सडी' ऐकायची तर हा संग्रह, हे माझं ठाम मत.
'सेव्ह मी' मात्र 'द गेम'वरही शेवटी, इथेही बाजूच्या शेवटी. त्या गाण्याला दोन्हीकडे आतलीच जागा मिळाली.

इतवारी_फोनो
सुईचं बोलू. नवी तबकडी घेण्याआधी सुई बदला. एटी-व्हीएम९५ई घ्या, सुई लंबगोल, ०.३ बाय ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). तिची बाजूची त्रिज्या साडेसात मायक्रॉनच्या जवळपास, म्हणजे आत्ताच्या निम्मी. आतल्या खाचेत फरक लगेच कळतो. पुढे पैसे जमले की त्याच कार्ट्रिजवर मायक्रोलिनियर, म्हणजे अजून बारीक धारेची, सुई (व्हीएमएन९५एमएल) ओढून काढून बसवता येते, कार्ट्रिज हलवायची गरज नाही. या तबकडीसाठी खरा इलाज मायक्रोलिनियरच.
बसवताना दोन स्क्रू अर्धा इंच अंतरावर, आधी हलकेच आवळा. चार तारा: पांढरी डावी धन, निळी डावी ऋण, लाल उजवी धन, हिरवी उजवी ऋण. पिनेवरचा क्लिप बसत नसेल तर जोर लावू नका, पिन आत ढकलली गेली की कार्ट्रिज गेलं. क्लिपची फट टाचणीनं थोडी उघडा.
मग मागचं वजन फिरवून आर्म तरंगता करा, अँटिस्केट (आर्म आत ओढला जातो त्याला तोल देणारी सोय) शून्यावर ठेवून. त्यानंतर वजन २.० ग्रॅम. कंपनीची मर्यादा १.८ ते २.२ आहे. ३.५ ग्रॅमची जुनी खूण तशीच ठेवली तर सुईची दांडी दबून बसेल. वजनाच्या चकतीवर भरवसा न ठेवता दोन दशांश दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. आणि एक लक्षात असू द्या, वजन कमी ठेवलं तर तबकडी वाचते हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती कुरतडते. १.८ पेक्षा २.१ बरं.

धरमपेठ_३३
धन्यवाद काका. प्रोट्रॅक्टर (सुईचा कोन जुळवायचा नकाशा) कागदावर छापून घ्यायचा आहे. त्यात दोन प्रकार दिसून राहिले, बेअरवाल्ड आणि स्टीव्हन्सन. कोणता?

इतवारी_फोनो
या एका तबकडीसाठी विचाराल तर स्टीव्हन्सन. आर्म एका खुंटीवर फिरतो, त्यामुळे सुई खाचेला बरोबर समांतर फक्त दोन जागी असते. बेअरवाल्डमध्ये त्या जागा ६६.० आणि १२०.९ मिमीवर येतात, स्टीव्हन्सनमध्ये ६०.३ आणि ११७.४ मिमीवर. स्टीव्हन्सन अगदी शेवटच्या वळणावर चूक शून्यावर आणतो, बदल्यात मधल्या पट्ट्यात थोडी जास्त सोसतो. २९ मिनिटांची बाजू जवळजवळ टोकापर्यंत जाते, म्हणून इथे तो सौदा परवडतो.

खाच_आणि_सुई
काकांचा मान राखून असहमत. संग्रहात २० मिनिटांच्या बाजूच्या एलपी जास्त असतील तर बेअरवाल्डच ठेवा. त्या तबकड्या ६० मिमीपर्यंत जातच नाहीत, मग मधल्या पट्ट्यात उगाच तोटा. लंबगोल सुई आली की ६६ वरून ६० पर्यंतची चूक कानाला फारशी लागत नाही. एका एलपीसाठी अख्खं टर्नटेबल वाकवायचं नाही.
कोणताही घ्या, पण छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद करून १०० टक्क्यांवर छापा आणि पट्टीनं मोजा. १०० मिमीची खूण ९७ मिमी भरली तर तो कागद फेकून द्या. झेरॉक्स काढलेला प्रोट्रॅक्टर पण नको, झेरॉक्समध्ये माप सरकतं.

इतवारी_फोनो
हे मान्य. उतरवून घ्यायचं काम एकदाच करायचं असेल तर स्टीव्हन्सन लावा, दोन्ही बाजू रेकॉर्ड करा, मग परत बेअरवाल्डवर आणा. अर्ध्या तासाचं काम आहे.

महाल_मोनो
मला वेगळंच विचारायचं आहे. माझ्याकडे अमेरिकेहून आलेली याच नावाची एलपी आहे, इलेक्ट्रा लेबल. त्यात 'अंडर प्रेशर' आहे, पण 'डोन्ट स्टॉप मी नाऊ' नाही. नकली आहे का?

सदर_स्टिरिओ
नकली नाही. १९८१मध्ये देशोदेशीच्या आवृत्त्यांत गाणी वेगळी होती, जिथे जे चाललं ते घेतलं. अमेरिकेच्या इलेक्ट्रा आवृत्तीत १४ गाणी. 'अंडर प्रेशर' आणि 'कीप युवरसेल्फ अलाइव्ह' तिच्यात आहेत, इंग्लंडच्या १७ गाण्यांत नाहीत. उलट 'डोन्ट स्टॉप मी नाऊ', 'सेव्ह मी', 'नाऊ आय एम हिअर', 'सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय', 'गुड ओल्ड-फॅशन्ड लव्हर बॉय' इंग्लंडकडे. 'अंडर प्रेशर' इंग्लंडमध्ये २६ ऑक्टोबर १९८१ला आलं, त्याच दिवशी हा संग्रह. मग नवं गाणं संग्रहात कसं असणार.
१९९२ला हॉलिवूड रेकॉर्ड्सनं अमेरिकेत लाल कव्हरची आवृत्ती काढली, तीही वेगळी. तेव्हा विकत घेताना नावावर जाऊ नका, मागची यादी वाचा.
आणखी एक. या संग्रहातली काही गाणी सिंगलसाठी कापलेली आहेत. 'फॅट बॉटम्ड गर्ल्स' 'जॅझ'वर सव्वाचार मिनिटं चालतं, इथे ३ मिनिटं २२ सेकंद. गाणं मध्येच आटोपलं म्हणून तबकडी सदोष ठरवू नये.

रेशीमबाग_रनआउट
इंग्लंडच्या प्रतीचा छापा ओळखायचा तर लेबल आणि शेवटच्या गाण्याच्या मधली गुळगुळीत पट्टी तिरप्या उजेडात पाहा. खाली ईएमटीव्ही ३०, बाजूचं अक्षर आणि कापणीचा आकडा दिसतो. घड्याळाच्या ९च्या जागी एक आकडा असतो तो मदरचा, ३च्या जागी एकदोन अक्षरं असतात ती स्टॅम्परची. स्टॅम्पर म्हणजे तबकडी दाबून छापणारा साचा, मदर म्हणजे तो साचा जिच्यावरून बनतो ती. ईएमआयची किल्ली म्हणजे जीआरएएमओपीएचएलटीडी: जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९, डी ०. 'आरजी' असेल तर एकविसावा स्टॅम्पर. हा आकडा जितका लहान तितका छापा सुरुवातीचा. पण या अल्बमच्या बाबतीत त्यासाठी जादा पैसे देऊ नयेत. इंग्लंडमध्ये सगळ्यात जास्त खपलेला अल्बम हाच, २०२२मध्ये त्यानं ७० लाखांचा टप्पा गाठला. प्रती मुबलक आहेत. स्टॅम्पर पाहण्याऐवजी मधल्या भोकाभोवती लेबल पाहा. तबकडी खुंटीवर बसवताना पडलेल्या चकचकीत रेघा जास्त असतील तर ती तबकडी खूप वाजली आहे.

वाळा_कूलर
धुण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. १ लिटर मिश्रण: डिस्टिल्ड वॉटर ८०० मिली, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल २०० मिली, फोटो धुताना वापरायचं वेटिंग एजंट ४-५ थेंब. भांड्याचा साबण नको, त्याचा सुगंध आणि रंग खाचेत बसतो. अल्कोहोल गॅसपासून लांब ठेवा. आणि हे मिश्रण फक्त व्हिनाइलसाठी. जुन्या ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्यांना अल्कोहोल लावलं तर लाख विरघळते.
लेबल झाका, खाचेच्या दिशेनं मऊ ब्रशनं गोल फिरवा, एका बाजूला ३-४ फेरे. मिश्रण वाळू देऊ नका. ओलं असतानाच दुसऱ्या स्वच्छ मायक्रोफायबरनं टिपा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं परत एकदा. बहुतेक जण इथेच चुकतात. विसळलं नाही तर विरघळलेली घाण वाळून पुन्हा खाचेतच बसते आणि धुतल्यावर तडतड वाढली अशी तक्रार येते. नळाचं पाणी, पेंच धरणाचं असो की बोअरचं, शेवटच्या विसळण्याला अजिबात नको. क्षार पांढरे डाग सोडतात.

धरमपेठ_३३
ताई, एप्रिल-मेचं काय करावं? कपाट पश्चिमेच्या भिंतीला आहे.

वाळा_कूलर
कपाट तिथून हलवा. आपल्याकडे नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, आणि ऊन खाल्लेली पश्चिमेची भिंत संध्याकाळी हवेपेक्षाही गरम असते. एलपीचं व्हिनाइल ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. बंद कारमध्ये, गच्चीखालच्या पोटमाळ्यावर तो आकडा सहज गाठला जातो. तबकड्या उभ्या, सरळ ठेवा, फार घट्टही नाही आणि कलतीही नाही. कलत्या तबकडीला उन्हाळ्यात बशीसारखा बाक येतो.
कूलरचं एक सांगते. वाळ्याच्या कूलरची हवा थेट कपाटावर येऊ देऊ नका. कोरड्या उन्हाळ्यात तबकडीवर स्टॅटिक जमतं, दमट हवेत ते कमी होतं, त्यामुळे कूलरच्या खोलीत वाजवणं चांगलंच. पण ठेवायला ती खोली वाईट. पुठ्ठ्याचं कव्हर ओल धरतं, बुरशी कव्हरवरून आतल्या कागदी पिशवीवर आणि तिथून खाचेत जाते. आतल्या कागदी पिशव्या बदलून पॉलिथीनच्या घाला. बाहेरून जाड पीव्हीसीचं कव्हर घालू नका. गरमीत त्यातलं रसायन सुटून तबकडीवर धुरकट डाग पडतो, तो धुऊन निघत नाही.
बाक आला असेल तर ८ मिमी जाडीच्या, १४ इंची चौरस दोन काचांमध्ये स्वच्छ धुतलेली तबकडी ठेवा. वर ४-५ किलो वजन, घराच्या आतच, मे महिन्यात १०-१५ दिवस. काचेसकट उन्हात नेऊ नका. काचेखाली उष्णता अडकते, तबकडी सपाट होते पण खाचाही बसतात. बशीसारखा बाक यानं कमी होतो, कडेचा एकच तीव्र उंचवटा मात्र जात नाही.

बर्डी_बिट्स
आता रेकॉर्डिंग. टर्नटेबलपासून फोनो प्रीॲम्प (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारा डबा), तिथून ऑडिओ इंटरफेसच्या लाइन इनपुटला, मग लॅपटॉप. आर्मची काळी अर्थ वायर प्रीॲम्पच्या स्क्रूला लावायचीच. ५० हर्ट्झची घूं येत असेल तर आधी ती वायर पाहा. मग लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. जुन्या वाड्यांत पॉइंटला तिसरी तार नुसतीच लोंबकळत असते, तिथे घूं जाणार नाही. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्यावं, त्याला दुसरा पर्याय नाही.
ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ९६ हजार हर्ट्झ, २४ बिट. मिनिटाला साधारण ३४.५ एमबी, एक बाजू १ जीबी. पातळी ठरवताना पहिलं गाणं लावून ठरवू नका. पूर्ण बाजू एकदा वाजवून सर्वात मोठी जागा पाहा आणि शिखर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. दोन्ही बाजूंना एकच पातळी. बाजू अखंड रेकॉर्ड करा, नंतर लेबल टाकून कापा.
डावं-उजवं उलटं लागलं का हे तपासायला 'ऱ्हॅप्सडी'च्या सुरुवातीचा भाग हेडफोनवर ऐका. तिथे लागोपाठ दोन छोटे शब्दगट एक डाव्या कानात, दुसरा उजव्या कानात येतो. उलटं आलं तर लाल-पांढऱ्या पिना बदला.

महाल_मोनो
माझं अमेरिकन टर्नटेबल ११० व्होल्टचं आहे, ट्रान्सफॉर्मर लावून चालवतो. त्याच्यावर सगळी गाणी मंद वाटून राहिली.

बर्डी_बिट्स
ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. सिंक्रोनस मोटर ६० हर्ट्झची असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर ती पाच षष्ठांश वेगानं फिरते. ३३⅓ऐवजी २७.८ आरपीएम. सूर तीन अर्धस्वरांहून जास्त खाली जातो. ५० हर्ट्झची पुली लागेल, मापात दीड दशांशाचीही चूक चालत नाही, म्हणून त्याच मॉडेलची मागवा. तपासायला १८० रेघांची स्ट्रोब चकती घ्या. ५० हर्ट्झच्या दिव्याखाली रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. दिवा साधा पिवळा बल्ब किंवा निऑन हवा, चांगल्या एलईडीखाली रेघा दिसतच नाहीत.

खाच_आणि_सुई
पुलीबद्दल दुरुस्ती: 'दीड दशांश' कशाचा ते सांगा, नाहीतर कोणी तसंच खराद्याकडे जाईल. हिशोब असा. पुलीचा व्यास ६० हर्ट्झच्या पुलीच्या बरोबर १.२ पट हवा. १० मिमी असेल तर १२ मिमी. त्यात ०.०५ मिमी चुकलं तरी वेग ०.४ टक्के चुकतो, जवळपास ७ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग).

बर्डी_बिट्स
बरोबर, मी ढोबळ लिहिलं होतं. भाऊंचा हिशोब धरा.

सदर_स्टिरिओ
सफाईचं शेवटी लिहितो, कारण चांगलं रेकॉर्डिंग इथेच बिघडतं. ऑडॅसिटीतलं 'क्लिक रिमूव्हल' (थ्रेशोल्ड २००, स्पाइक रुंदी २०) पूर्ण बाजूवर चालवू नका. 'वी विल रॉक यू' म्हणजे पाय आणि टाळ्या. टाळीची चढण इतकी उभी असते की सॉफ्टवेअर तिला तडतड समजून घासतं आणि टाळी बोथट होते. 'अनदर वन बाइट्स द डस्ट'च्या टाळ्यांचं, 'बायसिकल रेस'मधल्या सायकलच्या घंट्यांचंही तेच. या गाण्यांत प्रत्येक तडतड झूम करून हातानं 'रिपेअर' करा. रिपेअर एका वेळी १२८ नमुनेच (सॅम्पल) घेतो. ९६ हजारांवर ते १.३ मिलिसेकंद होतात, ४४.१ हजारांवर २.९. लांब तडतड एका झटक्यात बसत नसेल तर दोन तुकडे करा.
नॉइज रिडक्शन तर लावूच नका. 'ऱ्हॅप्सडी'च्या ऑपेरा भागात आवाजाचे थर इतक्या वेळा एका टेपवरून दुसऱ्या टेपवर नेले आहेत की टेपची फुस्स मूळ रेकॉर्डिंगमध्येच आहे. ती काढायला गेलं की कोरस पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येतो. २० हर्ट्झखालचा घरघराट काढायला हाय-पास फिल्टर पुरेसा.
आवाज वाढवताना प्रत्येक गाणं वेगळं नॉर्मलाइज करू नका. पूर्ण तबकडीला एकच वाढ द्या, शिखर उणे १ डेसिबलवर.

धरमपेठ_३३
कापताना 'वी विल रॉक यू' आणि 'चॅम्पियन्स'च्या मध्ये जागाच सापडत नाही.

सदर_स्टिरिओ
तिथे शांतता शोधू नका. गिटार थांबते आणि जवळजवळ लगेच पियानो येतो. पियानोच्या पहिल्या स्वराच्या २०-३० मिलिसेकंद आधी, लहर शून्यरेषा ओलांडते तिथे खूण करा. फेड देऊ नका. फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गमावणारा फाइल प्रकार) काढा, एमपी३ मध्ये दोन फायलींच्या सांध्यावर रिकामी जागा येते. प्लेअरमध्ये गॅपलेस (गाण्यांच्या मध्ये खंड न पाडणारी सोय) सुरू ठेवा.

रेशीमबाग_रनआउट
आणि सुई बदलूनही 'चॅम्पियन्स' फाटलंच, तर तबकडी कधीतरी झिजलेल्या सुईखाली गेलेली आहे. ते नुकसान भरून येत नाही. मग २०१६ची दोन तबकड्यांची १८० ग्रॅमची आवृत्ती पाहा. तीच १७ गाणी चार बाजूंवर, बाजूला सरासरी साडेचौदा मिनिटं. फक्त १८० ग्रॅमची तबकडी जाड असते, आर्मची उंची बदलता येत असेल तर थोडी वर घ्या.

धरमपेठ_३३
व्हीएम९५ई मागवतो. प्रोट्रॅक्टर मोजला, १०० ची खूण ९८.५ भरली, परत छापतो.